माळ की घण?

सप्ताहात कीर्तन आटोपले, आरती झाली, की मंडळी पाया पडण्यास येतात. आणि त्यांतले कोणी कोणी हळूच एखादा प्रश्न पुढे करतात. बहुतेक प्रश्न ठरलेले असतात. एकादशीस भगर चालते का? माळ तुटली तर काय करावे? एका वर्षी वारी चुकली तर नेम मोडला का? प्रश्न ठरलेले, तशी उत्तरेही ठरलेली. पण एखादे वेळी असा प्रश्न येतो की, उत्तर देऊन आपण मोकळे होतो आणि उत्तर मात्र आपल्याला मोकळे करीत नाही. तसा एक प्रश्न, आणि तो ऐकून आमच्या हातून घडलेली एक चूक, अशी दोन्ही आज वाचकांपुढे मांडतो. चूक सांगितल्यावाचून प्रश्न नीट कळणार नाही, म्हणून ती आधी.

बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून मेहकरकडे जाताना आडवाटेला एक गाव आहे. तेथील सप्ताहात सहाव्या व सातव्या रात्रीचे आणि शेवटी काल्याचे अशी तीन कीर्तने आमच्याकडे होती. सहाव्या रात्री एक निवृत्त शिक्षक भेटले. गाव त्यांना गुरुजी म्हणते. आपणही तेच म्हणू. वय बासष्ट, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवणारे. म्हणाले, "महाराज, या वयात आम्ही लोहारकाम शिकायला घेतले आहे. पोटासाठी नाही, पेन्शन आहे. हौस म्हणून. घरचे म्हणतात, माळ ओढायच्या वयात घण कशाला ओढता? तुम्हीच सांगा, हे बरे की वाईट?"

आम्ही त्या वेळी हसून म्हटले, "उद्या सांगू." दुसऱ्या रात्री कीर्तन रंगात आले आणि आम्हांस दुर्बुद्धी आठवली. नाव न घेता आम्ही बोललो, "देव म्हणतो, बाबा रे, हाती टाळ घे. आणि हा म्हणतो, देवा, मला घणच दे! अरे, यमाच्या दाराला काय खिळे ठोकायचे राहिलेत?" मंडप हसला. नाव घेतले नसले तरी खेड्यात नाव घ्यावे लागत नाही. माना आपोआप वळल्या. गुरुजीही हसले. आम्हांस वाटले, उत्तर बरे जमले.

पहाटे काकडा झाल्यावर गुरुजी उतरण्याच्या ठिकाणी आले. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. म्हणाले, "महाराज, काल्याला अवकाश आहे. घरी चहा घ्यायला चला. आणि ज्याला हसलात ते एकदा डोळ्यांनी बघा." यात टोमणा असता तर आम्ही नाही म्हणू शकलो असतो. टोमणा नव्हता. गेलो.

घराच्या मागे लिंबाखाली तीन बाजूंनी मोकळा असा पत्र्याचा मांडव. त्यात भंगारातून आणलेला मालमोटारीचा बिडाचा ब्रेक ड्रम विटांच्या चौथऱ्यावर बसवलेला, तीच भट्टी. ड्रमच्या मधल्या भोकावर छिद्रे पाडलेला पत्रा, खाली काळ्या लोखंडी नळीचा जोड, राख काढण्यास खालच्या तोंडाला झाकण. नळीच्या दुसऱ्या टोकाला हाताने फिरवायचा पंखा. गुरुजी सांगू लागले, "आधी सुनेचे केस वाळवायचे यंत्र लावले होते. वारा बरा येई, पण यंत्र जळाले आणि घरात माझेही तेच झाले." कोळसा बाभळीचा. ऐरण म्हणजे एका मोठ्या घणाचे मोडके डोके, बाभळीच्या ओंडक्यात अर्धे रोवलेले. बाजूला पाण्याची बादली, वाळूची बादली. एवढाच सरंजाम.

आम्ही सहज विचारले, "ऐरण म्हणून रुळाचा तुकडा वापरतात असे ऐकतो. तो का नाही आणला?" मलकापूर, नांदुरा, शेगाव या आपल्या गावांवरून मुंबई-नागपूरचा लोहमार्ग जातो, तेव्हा रूळ काही दूर नाही. गुरुजी म्हणाले, "एकाने आणून देतो म्हटले होते. कुठून आणणार म्हणून विचारले, तर तो नुसता हसला. महाराज, रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, त्याचा १९६६ सालचा कायदाच आहे. पण कायदा नसता तरी चोरीच्या ऐरणीवर मी काय घडवणार होतो?" आमच्या मनात आले, काल ज्याला आपण हसलो तो मनुष्य साधनशुद्धीचा विचार कृतीत उतरवून बसला आहे, आणि आपण तो फक्त सांगत फिरतो.

जुळवाजुळवीचे हे काम पाहून एक गोष्ट मनात भरली. पुष्कळ लोक काम सुरूच करीत नाहीत, कारण साहित्य पुरे नाही. भजनाचेही तसेच. पखवाज नाही, पेटी नाही, म्हणून भजन नाही, असे म्हणणारी गावे आम्ही पाहिली आहेत. अहो, टाळ नसले तर टाळी आहे! आहे त्यावर सुरुवात करणाऱ्यालाच पुढे काय हवे ते कळते. मात्र जुळवाजुळव म्हणजे बेफिकिरी नव्हे. गुरुजींनी आरंभी जस्ताचा पांढरा मुलामा दिलेली नळी भट्टीला जोडली होती. ती तापली म्हणजे जस्ताचा धूर निघतो, आणि तो श्वासात गेला की हुडहुडी भरून ताप येतो. कोळशाच्या भट्टीतून डोळ्यांस न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू सुटतो. म्हणून बंद खोलीत भट्टी लावणे म्हणजे मरण ओढवून घेणे. अंगात सुती कापड हवे. नायलॉनचा कपडा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. धोतराचा सोगा खोचलेला हवा, डोळ्यांवर काच हवी. ओला दगड विस्तवाजवळ ठेवू नये, तो फुटून उडतो. हे सारे गुरुजींना कोणी शिकवले? थोडे मोबाईलवर पाहून कळले. पण खरे शिकवणारे तेथेच एका स्टुलावर बसले होते.

त्यांना गावात आबा म्हणतात. वय अठ्ठ्याहत्तर. पिढ्यान्‌पिढ्या गावचे लोहार. बारा बलुतेदारांतला हा मानकरी. वखराची पास, तिफणीचे फण, डवरा, विळा, खुरपे, कुऱ्हाड, सगळे त्यांच्या वडिलांच्या हातचे, आणि मोबदला खळ्यावर ज्वारीच्या रूपाने. पुढे ट्रॅक्टर आले, कारखान्याची तयार अवजारे बाजारात आली, मुले दुसऱ्या कामाला लागली, आणि भात्याचे कातडे वाळून तडकले. घरचा भाता बंद पडून बरीच वर्षे झाली.

भाता हा शब्द पाठशाळेत आम्ही 'भस्त्रा' म्हणून शिकलो. त्यावरूनच भस्त्रिका प्राणायाम. लोहाराच्या हातातला चिमटा तो 'संदंश'. त्याचेच मराठीत सांडस, आणि स्वयंपाकघरात सांडशी. गुरुजींनी पहिल्या दिवशी घरातली सांडशीच उचलली होती. ती सुटली आणि लाल सळई पायाच्या अंगठ्याशेजारी पडली. बाईंनी सांडशी काढून घेतली ती घेतलीच. तेव्हा आबांनी सांगितले की, लोहाराने पहिली वस्तू घडवावी ती स्वतःचा सांडस. जो स्वतःचे लोखंड धरू शकत नाही त्याने दुसऱ्याचे घडवू नये. संदंश शब्दाची व्युत्पत्ती आम्ही पन्नास वर्षांपूर्वी घोकली. सांडस कसा धरतात ते त्या दिवशी पाहिले.

ही विद्याही आजकालची नव्हे. आपल्याच विदर्भात, नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे, उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची मानतात. म्हणजे आपले संत होण्याच्या दोन हजार वर्षे आधी या मातीत कोणी तरी भाता चालवीत होता. वेदांत लोहाराला 'कर्मार' म्हटले आहे. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी घालावा. आम्हांस एवढेच दिसते की त्या शब्दाच्या पोटात 'कर्म' बसलेले आहे.

गुरुजींनी मालमोटारीच्या कमानीच्या पाट्याचा तुकडा भट्टीत घातला. आबा रंग सांगत होते: काळा, मग काळसर लाल, मग लाल, मग नारिंगी, मग पिवळा. हजार-बाराशे अंश उष्णतेला लोखंड नारिंगी-पिवळे होते आणि घावाला वळते. त्याच्याही पुढे नेले तर पांढऱ्या ठिणग्या उडतात. म्हणजे पोलाद जळू लागले, ते पुन्हा कामाचे नाही. बाहेर काढल्यावर काही क्षणच हाती असतात. गुरुजींनी हातोडी आमच्या हाती दिली. "महाराज, एक घाव तुमचा."

आम्ही हातोडी कुठे धरावी, उभे कसे राहावे, या विचारात असतानाच ते क्षण गेले. घाव घातला, हातोडी उसळली आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. आबा शांतपणे म्हणाले, "महाराज, थंडं झालं ते. आता त्याले मारून काय फायदा?"

वाचकहो, आबांच्या मनात काही नव्हते. ते लोखंडाविषयी बोलत होते. पण आमच्या मनात काल रात्रीचा मंडप उभा राहिला. गुरुजी विश्वासाने प्रश्न घेऊन आले होते. त्यांच्याजवळ बसावे, चार शब्द ऐकावेत, मग काय ते बोलावे, हा ताव होता. तो आम्ही दिला नाही. थंड लोखंडावर घाव घातला, तोही चारशे माणसांदेखत. त्याने माणूस घडत नाही. फार तर टवका उडतो.

याहून मोठा धडा पुढे होता. विळ्याला पाणी पाजणे कसे असते ते आबांनी दाखवले. धारेचे हत्यार घडवून झाले की पुन्हा तापवायचे, इतके की लोहचुंबक त्याला चिकटेनासे होते. हे सुमारे ७७० अंशांवर घडते. त्याच्या थोडे पुढे नेऊन झटकन तेलात बुडवायचे. मग ते इतके कठीण होते की कानस त्यावरून घसरते. अशाने काम संपले असे नवशिक्याला वाटते. पण ते हत्यार आता काचेसारखे झालेले असते. दगडावर पडले तर दोन तुकडे. म्हणून त्याला दुसरा, मंद ताव द्यायचा. घासून उजळ केलेल्या अंगावर आधी गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढतो, तो सव्वादोनशे अंशांच्या आसपास; तीनशेच्या सुमारास निळा. धारेला पिवळा, लवचिकपणा हवा तेथे निळा. कठीणपणा थोडा जातो, ठिसूळपणा पुष्कळ जातो. मऊ लोखंडाला मात्र ही दीक्षा लागत नाही. त्यात कर्ब पाव टक्क्याहूनही कमी असतो. कमानीच्या पाट्यात सुमारे ०.६ टक्के. ज्याच्या अंगी काही आहे त्यालाच कठीण होण्याचा धोका, आणि त्यालाच दुसऱ्या तावाची गरज.

आम्ही पाठशाळेत वाढलो. लघुकौमुदी, तर्कसंग्रह, मग गुरूंच्या पायांशी ज्ञानेश्वरी. पहिला ताव आम्हांस भरपूर मिळाला, बुडवणेही झाले. कानस घसरावी इतके आम्ही कठीण झालो. पण दुसरा, मंद ताव? चाळीस वर्षे लोक आमच्या पाया पडत आले. चूक कोणी दाखवली नाही. ज्याला कोणी चूक म्हणत नाही असा विद्वान पाणी पाजलेल्या पण मंद ताव न मिळालेल्या विळ्यासारखा असतो. धार आहे, पण पहिल्या दगडाला तुटतो. आणि तुटताना जवळच्यालाही लागतो.

आता प्रश्नाकडे वळू. शास्त्राच्या रीतीने आधी आक्षेप मांडतो.

पहिला आक्षेप असा की, उतारवय नामस्मरणाचे. त्यात हा उद्योग कशाला? यावर कोणी चटकन म्हणेल, गोरोबा मडकी घडवीत, सावतोबा मळा राखीत, नरहरी सोनारकाम करीत. मग गुरुजींनी घण धरला तर बिघडले काय? पण येथे घाईने संतांचा आधार घेऊ नये. संतांचा तो चरितार्थ होता. वाट्याला आलेल्या कामातच त्यांनी विठ्ठल पाहिला. गुरुजींना पेन्शन आहे. तेव्हा तो दाखला येथे पुरा लागू पडत नाही, हे कबूल केले पाहिजे. लागू पडते ते एवढेच की, हात आणि नाम यांचे वैर नाही. आपल्या विदर्भात गाडगेबाबा होऊन गेले, १९५६ सालापर्यंत देहाने होते. दिवसा खराटा आणि रात्री कीर्तन. खराट्याने त्यांच्या कीर्तनाचा वेळ खाल्ला असे कोणी म्हटले नाही. गुरुजींचा हरिपाठ चुकतो का, वारी चुकते का, असे आम्ही विचारले. नाही चुकत. मग जो वेळ भट्टीला जातो तो नामातून गेलेला नसून पारावरच्या गप्पांतून गेला आहे. त्या वेळेविषयी घरच्यांची तक्रार कधी नव्हती, ही मौज पहा.

कोणी म्हणेल, भट्टीपुढे मन एकाग्र होते, हेच ध्यान. आम्ही तेही म्हणणार नाही. एकाग्र तर चोरही होतो. श्वासाचेच पहा ना. नुसता श्वास चालणे म्हणजे जगणे नव्हे, कारण तो तर भात्यालाही आहे, हा विचार भागवताच्या दुसऱ्या स्कंधातला आहे. एकाग्रता हे साधन खरे, पण ती कोणाच्या पायाशी नेऊन ठेवली, हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप स्वधर्माचा. दुसऱ्याचा धर्म आपण आचरू नये, हे गीतेतले तत्त्व आपणा सर्वांस पाठ आहे. पण त्याचा अर्थ 'लोखंडाला लोहारानेच हात लावावा' असा करणाऱ्याने धर्म आणि दुकानाची पाटी यांत घोटाळा केला आहे. शिक्षकाचा धर्म शिकणे आणि शिकवणे. गुरुजी शिकत आहेत. आणि वारकऱ्याने तरी हा आक्षेप फार जोराने घेऊ नये. याच जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणाराजा येथे चोखोबांचा जन्म झाला, असे आपण मानतो. अमक्याने अमुक काम करावे आणि तमक्याने दाराबाहेर उभे राहावे, या हिशेबाचे फळ त्या महात्म्याच्या वाट्याला काय आले, ते आपण दरवर्षी कीर्तनात रडत सांगतो. सांगून झाल्यावर घरी जाऊन तोच हिशेब पुन्हा मांडू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. तो आमचा नव्हे, गावकऱ्यांचाही नव्हे, तो आबांचा. गुरुजींनी भट्टी लावली तेव्हा आबा पहिल्या दिवशी येऊन हसले, आणि मग आठ दिवस फिरकलेच नाहीत. गुरुजी बोलावण्यास गेले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, हे करू करू आमच्या पाठीचे मणके गेले, डोळे गेले. पोट्ट्यांनी पाहिलं, अन्‌ म्हणूनच हे सोडून गेले. तुम्ही आता तेच हौसेनं करता. आमचं मरण ते तुमचा खेळ झाला का?"

याला उत्तर काय द्यावे? आम्ही असतो तर दिलेही असते. शब्दांना काय तोटा? गुरुजींनी उत्तर दिले नाही. ते म्हणाले, "आबा, तुमचे खरे आहे. मग मला सांगा, मी कसे करू?" येथे सारे वळण बदलले. आबांच्या आयुष्यात शिकलेल्या माणसाने 'कसे करू' असे त्यांना कधी विचारलेच नव्हते. 'कधी देतोस' आणि 'केवढ्याला देतोस', एवढेच विचारत आले होते.

तेव्हापासून काही गोष्टी ठरल्या. आबा जितके दिवस बसतील तितक्या दिवसांची मजुरी गुरुजी देतात. शिकवणी फुकट घेत नाहीत. घडवलेली वस्तू विकत नाहीत. आठवडी बाजारात घिसाड्यांची पाले उतरतात; कुऱ्हाडीला धार लावायला कोणी गुरुजींकडे आले तर ते त्याला तिकडे पाठवतात. आपण ती पाले पाहतो. रस्त्याच्या कडेला भट्टी, पोर पंखा फिरवते, पुरुष सांडसात लोखंड धरतो आणि बाई डोक्यावरून घण आणून घाव घालते. भर उन्हात, लेकरू मागे झोळीत. गावोगाव भटकणारी ही जमात. त्या बाईचा घण हौसेचा नाही. ज्याला घणाची हौस आहे त्याने त्या बाईच्या घामातला एक पैसाही आपल्याकडे वळवू नये, हा गुरुजींचा नेम आम्हांस एकादशीच्या नेमाइतका मोलाचा वाटतो.

गुरुपौर्णिमेस गुरुजींनी आबांच्या गळ्यात हार घातला आणि सर्वांदेखत पायांवर डोके ठेवले. आम्ही आबांना विचारले, "तेव्हा काय वाटले?" ते म्हणाले, "बरं वाटलं. पण महाराज, पाठ दुखाची थांबली नाही." ही गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो. मान दिल्याने मागचे सर्व फिटते असे कोणी समजू नये. फिटत नाही. पण फिटत नाही म्हणून देऊच नये, असेही नाही.

शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात जानकीराम सोनाराची गोष्ट आहे. अक्षय्यतृतीयेच्या दिवशी मुले महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव मागायला त्याच्या दारी गेली, आणि सण आहे म्हणून त्याने विस्तव नाकारला. आपण तेथे सोनाराला नावे ठेवतो. पण आबांचा विचार करा. ज्या गावाने त्यांच्या भट्टीकडे पाठ फिरवली, त्याच गावातला मनुष्य विस्तव मागायला आला. आणि त्यांनी, दुखऱ्या पाठीने का होईना, दिला. विद्येचा विस्तव असा एका भट्टीतून दुसरीत जातो. देणारा विझला तर मागणाऱ्याला पुढे कोण देणार?

आता आमचा निर्णय सांगतो. छंद स्वतः बरा नाही, वाईटही नाही. प्रत्येक कामाला काही ना काही दोषाचा धूर असतोच. अग्नी आणि धूर यांचा दृष्टांत गीतेच्या अठराव्या अध्यायात आला आहे, तो भट्टीपुढे बसल्यावर नीट कळतो. धूर आहे म्हणून विस्तव टाकायचा नसतो. धुराला वाट करून द्यायची असते. ती वाट अशी: साधन शुद्ध असावे, नित्यनेम मोडू नये, ज्याच्या पोटाचा तो धंदा आहे त्याचा घास कमी होऊ नये; आणि सर्वांत महत्त्वाचे, त्या कामात आपण कोणाचे तरी शिष्य असावे. चाळीस वर्षे ज्याने इतरांच्या चुका लाल शाईने दाखवल्या, त्याला म्हातारपणी कोणी तरी 'चुकले, पुन्हा ताव द्या' म्हणणारा हवा. लोखंड पदवी ओळखत नाही, वय पाहत नाही, खुशामत करीत नाही. चुकलेला घाव तेथे दिसतोच. अहंकाराला हे औषध आहे, आणि ते अशा माणसाच्या हातून घ्यावे लागते ज्याला आपण आजवर आपल्याहून खालचा मानला. औषधाचा गुण निम्मा त्यातच आहे.

आपण परिसाचा दृष्टांत फार सांगतो. परीस लागला की लोखंडाचे सोने होते. दृष्टांत खरा आहे. पण आबांच्या शेजारी बसून असे वाटले की, सोन्याच्या विळ्याने ज्वारी कापता येत नाही. लोखंडाला लोखंड ठेवूनच उपयोगी करणे, ही लोहाराची विद्या. आणि संतांनीही आपल्यातल्या बहुतेकांचे हेच केले आहे. गाडीच्या चाकाला धाव चढवताना आबा कसे करीत, ते त्यांनी सांगितले. लाकडी चाकापेक्षा लोखंडी कडे जरा लहान करायचे. मग गोवऱ्यांच्या आगीत ते फुलवायचे. पाच फुटांच्या चाकाची धाव चांगली तापली म्हणजे तिचा व्यास सेंटीमीटरभर वाढतो. तेवढ्यात ती चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचे. आवळते ती अशी आवळते की खिळ्याची गरज उरत नाही. तापल्यावर मोठे व्हायचे आणि निवल्यावर धरून ठेवायचे, सोडायचे नाही. वारीचे तरी दुसरे काय असते?

काल्याची वेळ झाली. कीर्तनास उभे राहिलो आणि अभंगाला हात घालण्याआधी म्हटले, "मंडळी, काल रात्री आम्ही एक विनोद केला. तुम्ही हसलात. तो विनोद खोटा होता. ज्याला आम्ही हसलो त्याच्या घरी आज सकाळी आम्ही शिकवणी घेऊन आलो आहोत. आबा आणि गुरुजी दोघेही समोर बसले आहेत. आम्ही त्यांची क्षमा मागतो." मंडप गप्प झाला. आबांना बहुधा नीट ऐकू आले नसावे. शेजाऱ्याने कानात सांगितले तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला.

निघताना गुरुजींनी मंदिरात नेऊन एक खुंटी दाखवली. सप्ताह संपल्यावर वीणा टांगण्यासाठी त्यांनी घडवलेली. थोडी वाकडी आहे. आबांनी दोनदा परत करायला लावली, तरी वाकडीच राहिली. पण भिंतीत पक्की बसली आहे आणि वीणा तिच्यावर नीट राहते. घरच्यांना काय सांगू, असे गुरुजींनी पुन्हा विचारले. आम्ही म्हटले, "सांगा, माळही ओढतो आणि घणही. फक्त वारीला निघताना भट्टी पुरती विझवून, राखेत हात घालून पाहून निघा." त्यावर बाई आतून म्हणाल्या, "अन्‌ सांडशी घरातच राहू द्या म्हणा!"

रामकृष्णहरि.